नको तिथला ‘नाही’

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



इंग्रजीच्या उत्तरपत्रिका तपासताना एक वाक्य मला दर वर्षी भेटतं. ‘आय विल वेट अनटिल ही डज नॉट कम.’ मुलाला म्हणायचं असतं, ‘तो येईपर्यंत मी थांबेन.’ पण कागदावरच्या इंग्रजीतून तो अर्थ निघत नाही. त्या ‘नॉट’वर लाल रेघ मारायची, एक गुण कापायचा आणि पुढे जायचं, अशी आपली रीत आहे. हा ‘नॉट’ येतो कुठून, याचा शोध मात्र आपण घेत नाही. आज तो घेऊ या. कारण तो अज्ञानातून येत नाही, चांगल्या मराठीतून येतो.

भिवंडी शहराला लागून असलेल्या शेलार गावात मी दहावीच्या मुलांचा संध्याकाळचा वर्ग घेते. यंत्रमागांचा खडखडाट आणि गोदामांकडे जाणारे ट्रक यांच्यामध्ये वसलेला हा भाग. एकाच बाकावर आगरी बोलणारी मुलगी, उत्तर प्रदेशातून आलेल्या विणकराचा मुलगा आणि घरी तेलुगू बोलणारं पद्मशाली घरातलं मूल असं बसलेलं असतं. चुका मात्र बऱ्याचशा सारख्या. म्हणजे चूक एकट्यादुकट्या मुलाची नाही, तिला काही नियम आहे.

मराठीत आपण म्हणतो, ‘जोपर्यंत तो येत नाही, तोपर्यंत मी थांबेन.’ हिंदीतही तसंच, ‘जब तक वह नहीं आता.’ या वाक्यात आपण वाट पाहण्याचा काळ मोजत असतो. तो आलेला नाही असा जेवढा वेळ आहे, तेवढा वेळ मी थांबेन. त्यामुळे इथला ‘नाही’ अगदी योग्य आहे. इंग्रजी ‘अनटिल’ हा काळ मोजत नाही, तो जिथे संपतो त्या क्षणावर बोट ठेवतो. तो क्षण येण्याचा आहे, न येण्याचा नाही. म्हणून ‘अनटिल ही कम्स’.

मराठीतल्या ‘जोपर्यंत’ला इंग्रजीत जवळचा शब्द आहे तो ‘अ‍ॅज लाँग अ‍ॅज’. ‘जोपर्यंत मी आहे, तोपर्यंत काळजी करू नकोस’ याचं इंग्रजी ‘अ‍ॅज लाँग अ‍ॅज आय अ‍ॅम हिअर’ असं होतं. तिथे ‘अनटिल आय अ‍ॅम हिअर’ म्हटलं की फसगत झालीच.

मग मुलांना शिकवायचं कसं? नियम पाठ करून घेण्यापेक्षा सोपी वाट मराठीतच आहे. हीच गोष्ट आपण दुसऱ्या तऱ्हेनेही सांगतो. ‘तो येईपर्यंत मी थांबेन.’ बघा, ‘नाही’ गळून पडला! तेलुगूतही ‘वच्चे वरकू’ म्हणजे ‘येईपर्यंत’च. मी मुलांना एवढंच सांगते, की ‘अनटिल’ लिहायच्या आधी मनातलं वाक्य ‘ईपर्यंत’ लावून म्हणा. दूध उतू जाईपर्यंत, गाडी सुटेपर्यंत, पगार होईपर्यंत. मग इंग्रजी वाक्यात ‘नॉट’ घुसायला जागाच राहत नाही.

‘अनलेस’चंही तेच. ‘जर तुम्ही पैसे भरले नाहीत, तर माल मिळणार नाही’ हे वाक्य मनात धरून मुलं ‘अनलेस यू डू नॉट पे’ लिहितात. ‘अनलेस’च्या पोटात ‘इफ’ही आहे आणि ‘नॉट’ही आहे. वरून आणखी एक ‘नॉट’ घातला की अर्थ उलटतो, पैसे भरणाऱ्याला माल नाही असं होतं. इथेही मराठीतला दुसरा रस्ता धरावा. ‘पैसे भरल्याशिवाय माल मिळणार नाही.’ ‘अनलेस’ म्हणजे ‘ल्याशिवाय’, एवढं लक्षात ठेवलं तरी काम भागतं.

कुणी म्हणेल, बाई, एका ‘नॉट’चं एवढं काय? सांगते. माझा एक जुना विद्यार्थी एका गोदामात नोकरीला लागला. सहा महिने उमेदवारीचे होते. ते संपून वर तीन महिने झाले, तरी कायम कामगारांना मिळणारी रजा त्याला मिळेना. तो नेमणुकीचं पत्र घेऊन माझ्याकडे आला. त्यात एक वाक्य होतं. ‘यू शॅल कन्टिन्यू टू बी ऑन प्रोबेशन अनटिल कन्फर्म्ड इन रायटिंग.’ सहा महिने हा शब्द त्याने वाचला होता. पुढचं ‘अनटिल’ नजरेखालून गेलं होतं, पण त्याचं वजन कळलं नव्हतं. मी म्हटलं, याचं मराठी कर. तो थांबत थांबत म्हणाला, ‘लेखी कायम करेपर्यंत... म्हणजे बाई, कागद मिळेपर्यंत मी उमेदवारच?’ सहा महिने आपोआप संपत नव्हते, ते कागदाने संपणार होते. त्याने दुसऱ्या दिवशी लेखी अर्ज दिला. कागद हातात पडायला आणखी दोन महिने लागले. पण मागायचं काय, हे त्याला एका गौण वाक्यातून कळलं.

करारनामे, विम्याचे कागद, यंत्रावरच्या सूचना पाहा. मुख्य वाक्यात आश्वासन असतं आणि अट गौण वाक्यात असते. आपली मुलं मुख्य वाक्य वाचायला शिकतात, अटीपाशी अडखळतात. नुकसान होतं ते तिथेच.

आता अटीच्या वाक्यांकडे वळू. ‘पाऊस पडला तर मी येणार नाही.’ पाऊस अजून पडायचा आहे, तरी आपण ‘पडला’ असं भूतकाळी रूप वापरतो. अट आधी पुरी झाली असं धरायचं आणि मग परिणाम सांगायचा, अशी मराठीची चाल. ‘तू येशील तेव्हा देईन’ असं म्हणताना मात्र आपण दोन्हीकडे भविष्यकाळ घालतो. साहजिकच मुलं कधी ‘इफ इट रेन्ड’ लिहितात, कधी ‘व्हेन यू विल कम’. इंग्रजीत भविष्यकाळ एकदाच, तोही मुख्य वाक्यात सांगतात. गौण वाक्य साध्या वर्तमानकाळात राहतं. ‘इफ इट रेन्स, आय विल नॉट कम.’

मराठीला जोड्या आवडतात. जर आला की तर, जरी आला की तरी. इंग्रजी एका शब्दावर भागवते. ‘ऑलदो’ लिहिल्यावर पुन्हा ‘बट’ लिहिणारं मूल ‘तरी’ची जागा भरत असतं. त्याला मराठीचा कान आहे, एवढंच त्यातून सिद्ध होतं.

आणि ते प्रसिद्ध ‘नो सूनर’! दहावी-बारावीच्या परीक्षांनी पिढ्यान्‌पिढ्या या शब्दाचा धसका दिला आहे. ‘नो सूनर’ आलं की ‘दॅन’, ‘हार्डली’ आलं की ‘व्हेन’, असं पाठ करायचं. का, ते कुणी सांगत नाही. ‘सूनर’ म्हणजे ‘अधिक लवकर’. ही तुलना झाली आणि इंग्रजीत अशा तुलनेला ‘दॅन’ लागतो. ‘हार्डली’त तुलना नाही, म्हणून तिथे ‘व्हेन’. नकाराचा शब्द वाक्याच्या तोंडाशी आला, की मदतीचं क्रियापद कर्त्याच्या पुढे उडी मारतं. म्हणून ‘नो सूनर डिड आय स्टार्ट द लूम दॅन द पॉवर वेन्ट ऑफ.’ शेलारच्या मुलांना याचं मराठी विचारावं लागत नाही. ‘माग सुरू करतो न करतो तोच वीज गेली.’ ‘करतो न करतो’ मध्येही नकार आहेच. एवढी सुंदर रचना तोंडी असलेल्या मुलाने ‘नो सूनर’ला का भ्यावं?

काही चुकांचं मूळ जोडणाऱ्या शब्दात नसून क्रियापदात असतं. ‘मी त्याला जायला सुचवलं’ हे शुद्ध मराठी. त्यावरून ‘आय सजेस्टेड हिम टू गो’ होतं आणि चुकतं. ‘अ‍ॅडव्हाइज’ला ही रचना चालते, ‘सजेस्ट’ला ‘दॅट’ने जोडलेलं वाक्य लागतं. ए. एस. हॉर्नबी नावाच्या इंग्रज शिक्षकाला जपानमध्ये शिकवताना हीच अडचण दिसली. शब्दाचा अर्थ कळूनही, त्या क्रियापदापुढे कोणती रचना येते हे परभाषकाला कळत नाही. त्यांनी सहकाऱ्यांसह तयार केलेला कोश 1942 साली टोकियोत निघाला. त्यात क्रियापदांचे 25 साचे दिले होते. 1948 साली तोच ऑक्सफर्डने काढला आणि पुढे जगभर पोचला. शिकणाऱ्यांच्या अडचणीतून एवढा मोठा कोश उभा राहिला, हे आपण शिक्षकांनी विसरू नये.

आपल्याकडेही याची सामग्री कमी नाही. दादोबा पांडुरंगांचं मराठी व्याकरण 1836 सालचं, मोरो केशव दामल्यांचं ‘शास्त्रीय मराठी व्याकरण’ 1911 सालचं. प्रधान वाक्य, गौण वाक्य, क्रियाविशेषण वाक्य हे सगळं मुलं मराठीच्या तासाला शिकतात. पुढच्या तासाला तेच इंग्रजी नावांनी येतं आणि दोन्ही एकच आहे हे त्यांना कुणी सांगत नाही. मधली घंटा वाजते आणि एका भाषेचं दार बंद होतं.

महाराष्ट्रात 2000 सालापासून पहिलीपासून इंग्रजी आलं. पुढे सेमी इंग्रजीचे वर्ग वाढले. इंग्रजी हवी, याबद्दल शेलारमध्ये कुणाचं दुमत नाही आणि माझंही नाही. पण इंग्रजी यायची तर मराठी बाजूला सारावी लागते, असा समज घराघरांत रुजतो आहे, त्याची मला काळजी वाटते. ज्या मुलाला ‘येत नाही तोपर्यंत’ आणि ‘येईपर्यंत’ यांतला फरक ऐकू येतो, त्याच्या हाती ‘अनटिल’ची किल्ली आधीच आहे. मराठी सुटली की ती किल्लीही जाते. मग उरते ती नुसती घोकंपट्टी.

म्हणून पालकांना एक सांगते, इंग्रजी न येणाऱ्या आईवडिलांना तर मुद्दाम. मूल इंग्रजी वाक्यापाशी अडलं, की त्याला विचारा, ‘हेच आपल्या भाषेत सांग. आता दुसऱ्या तऱ्हेने सांग.’ ते आगरीत सांगेल, उर्दूत सांगेल, तेलुगूत सांगेल. दोन तऱ्हा सापडल्या की त्यांतली एक इंग्रजीच्या जवळची निघण्याचा संभव पुष्कळ असतो. एवढी शिकवणी कुठल्याही घरात होऊ शकते आणि तिला फी पडत नाही.