हिशोबात आपण कुठं?

(खापा येथील सभेत केलेलं भाषण)



आया-बहिणींनो, दादांनो, सरकारचं आर्थिक धोरण हा शिकलेल्या माणसांचा विषय, असं आपण समजतो. पण धोरण दिल्लीत ठरते अन् चटका आपल्या चुलीला बसतो.

१९९७ पर्यंत रेशन सगळ्यांसाठी होतं. त्या वर्षी दारिद्र्यरेषेच्या वरचे आणि खालचे अशी वाटणी झाली. ज्याचं नाव यादीत नाही, त्याची भूक सरकारला दिसत नाही. अन् ही रेषा केवढी होती? २०११ च्या सप्टेंबरात योजना आयोगानं सुप्रीम कोर्टात लिहून दिलं की खेड्यात दिवसाला २६ रुपयांच्या वर खर्च करणारा गरीब नाही. तांदूळ, तेल, मीठ, दवाखाना, पोराची वही, सगळं २६ रुपयांत बसवून दाखवा म्हणा!

हे फक्त आपल्याच देशात होते असं नाही. अमेरिकेत १९३५ साली म्हातारपणी पेन्शन देणारा कायदा आला. काळ्या लोकांना वगळा, असं त्यात कुठंच लिहिलं नव्हतं. शेतमजूर आणि घरकाम करणारे यांना लागू नाही, एवढंच लिहिलं. दक्षिणेकडचे बहुतेक काळे लोक हीच कामं करत. नाव न घेता त्यांना बाहेर ठेवलं.

आपलंही तसंच. खापा-गुमगावच्या जमिनीतलं मँगनीज पोलादासाठी जाते, ते देशाच्या विकासात मोजतात. पण पिढ्यानपिढ्या जंगलात वावर कसणाऱ्याला विचारतात, "कागद कुठं आहे?" नागपूर जिल्हा अनुसूचित क्षेत्रात नाही, म्हणून पेसा कायदाही आपल्याले लागत नाही.

वनहक्क कायदा मात्र लागतो. १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून वनजमीन कसणाऱ्या आदिवासीला दावा करता येतो. जुनी दंडाची पावती असेल तर जोडा. दावेदार सोडून गावातल्या दुसऱ्या म्हाताऱ्याचा लेखी जबाब हाही पुरावा आहे. एकावर थांबू नका, किमान दोन पुरावे लावा.

रोजगार हमीचं कामही तोंडी मागू नका. अर्ज द्या, तारखेची पावती घ्या. १५ दिवसांत काम दिलं नाही, तर बेकारी भत्ता द्यावा लागते. पावती नसेल तर काम मागितलंच नाही म्हणतील.

दिल्लीच्या यादीची वाट काहून पाहायची? ग्रामसभेच्या वहीत आपली यादी आपणच करू. कोण किती वावर कसतो, कोणाचं कार्ड नाही, कोणाला किती दिवस काम मिळालं. मग ठराव घेऊन, सगळे मिळून, ती वही तहसीलदारासमोर ठेवू.

जय सेवा!