कपाटातली लेन्स फेकू नका
(स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला बोलायला सांगितलं तेव्हाच ‘सॉफ्टवेअरवर बोलू नकोस, जेवणानंतरची वेळ आहे’ अशी अट घातली होती. म्हणून कॅमेऱ्याच्या लेन्सवर बोलते. तुमच्यापैकी कित्येकांच्या कपाटात आईवडिलांचा जुना, फिल्मचा कॅमेरा पडून असेल. त्याच्या लेन्सचं काय करता येतं, एवढंच सांगायचं आहे.

आधी आपल्या प्रयोगशाळेत जाऊ. बहिर्वक्र भिंग धरून खिडकीबाहेरच्या झाडाची उलटी प्रतिमा आपण कागदावर पाडायचो. कागद जरा मागेपुढे झाला की झाड पुसट. कॅमेऱ्यात लेन्स जिथे टेकते तिथपासून फिल्मपर्यंतचं अंतर असंच काटेकोर ठरलेलं असतं, अगदी मिलिमीटरच्या शंभराव्या भागापर्यंत.

लेन्स जिथे बसते त्या जागेला माउंट म्हणतात. घरात दोन तऱ्हेचे बल्ब असतात, एक आट्यांचा, दुसरा खटक्यात फिरवून अडकवायचा. माउंटही याच दोन तऱ्हांचे. आट्यांचा सर्वांत गाजलेला माउंट म्हणजे एम४२. व्यास ४२ मिलिमीटर, एका फेऱ्याला लेन्स १ मिलिमीटर पुढे जाते आणि फिल्मपर्यंतचं अंतर ४५.४६ मिलिमीटर. जर्मनीतल्या ड्रेस्डेनमध्ये बनलेल्या काँटॅक्स एस या कॅमेऱ्याबरोबर तो १९४९ साली आला. पुढे पूर्व जर्मनी, जपान, सोव्हिएत रशिया, सगळीकडे तो वापरला गेला.

आता माझ्या आवडीचा भाग. माउंट म्हणजे आमच्या भाषेत इंटरफेस, आणि इंटरफेस बदलताना जुन्या ग्राहकाचं काय करायचं यावर आमच्याकडे दर वर्षी भांडणं होतात. कॅमेरावाल्यांनी ती आधीच करून ठेवली आहेत. पेंटॅक्सने १९७५ साली आटे सोडून खटक्याचा के माउंट आणला, पण अंतर तेच ४५.४६ ठेवलं. त्यामुळे एक पातळ कडं घातलं की जुनी लेन्स नव्या कॅमेऱ्यावर चालली. कॅननने १९८७ साली ऑटोफोकससाठी ईएफ माउंट आणला आणि अंतर ४२ वरून ४४ मिलिमीटर केलं. दोन मिलिमीटर म्हणजे काहीच नाही असं वाटेल. पण नव्या कॅमेऱ्यावर जुनी लेन्स दोन मिलिमीटर जास्त लांब पडली. जवळचं दिसे, दूरचा डोंगर मात्र स्पष्ट होईना. ज्यांनी आयुष्याची पुंजी त्या लेन्समध्ये घातली होती, ते चिडले. दोन्ही निर्णयांमागे कारणं होती. पण मी बैठकीत बसते तेव्हा ते दोन मिलिमीटर मला आठवतात.

नियम सोपा आहे. लेन्सचं अंतर जास्त आणि कॅमेऱ्याचं कमी असेल, तर मधली जागा कड्याने भरून काढता येते. उलट असेल तर कापायला जागाच नसते. निकॉनच्या १९५९ पासूनच्या एफ माउंटचं अंतर ४६.५, म्हणून एम४२ची लेन्स तिथे साध्या कड्याने नीट चालत नाही. २००८ पासून आरसा नसलेले कॅमेरे आले आणि चित्र पालटलं. आरशाला लागणारी जागाच वाचली. सोनीच्या ई माउंटचं अंतर १८ मिलिमीटर, निकॉन झेडचं १६, कॅनन आरएफचं २०. म्हणजे सोनीवर एम४२साठी २७.४६ मिलिमीटर जाडीचं पोकळ कडं पुरतं. आत काच नाही, वायर नाही.

बाबांच्या झेनिटचं शटर कधीच बंद पडलं होतं. ते गेल्यावर आईने तो माझ्याकडे दिला. त्यावरची हेलिओस ४४-२, ५८ मिलिमीटरची, म्हणजे जर्मनीच्या बायोटार लेन्सची रशियन बहीण. आपल्या दहावीच्या निरोप समारंभाचा, पायऱ्यांवरचा फोटो बाबांनी याच लेन्सने काढला होता. आता ती माझ्या सोनीवर आहे. पाठीमागे झाडं असली की पानांतून येणारा उजेड गोल गोल भोवऱ्यासारखा फिरतो. त्या जुन्या फोटोत वडाच्या पानांत तेच भोवरे आहेत. मला वाटायचं, आमच्या प्रिंटचा तो दोष.

करून बघायचं असेल तर चार गोष्टी सांगते. कड्यावर दोन्ही माउंटची नावं बघून घ्या. कॅमेऱ्याच्या मेनूत ‘लेन्स नसताना शटर चालू’ हा पर्याय सुरू करा, कारण या लेन्सची कॅमेऱ्याला ओळखच पटत नाही. फोकस आणि छिद्र हाताने फिरवा. घाई चालत नाही, आणि तीच मजा आहे.

सर्वांत महत्त्वाचं, लेन्स आधी टॉर्चच्या उजेडात धरून आत बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या पावसाळ्यात बंद चामडी पाकिटात ती हमखास धरते आणि काच कोरत जाते. एकदा काच कोरली गेली की पुसून काही होत नाही. पाकीट बाजूला करा, लेन्स हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत ठेवा, आणि हे दिवाळीच्या साफसफाईची वाट न बघता या रविवारीच करा.

लेन्स कुठल्या माउंटची ते कळलं नाही, तर मागच्या बाजूचा फोटो आपल्या ग्रुपवर टाका. मी सांगते. भंगारवाल्याला देऊ नका.