कोळशाच्या गावी ठेव्याचा शोध



इतिहासाचा तास म्हटला की राजे, लढाया आणि सनावळ्या ह्यांचेच चित्र मुलांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. ज्या गावात मूल वाढते त्या गावच्या जमिनीवर आणि जमिनीखाली जो इतिहास घडला, तो बहुधा पाठ्यपुस्तकाबाहेरच राहतो. खाणींच्या मुलुखात ही उणीव विशेष जाणवते. तेथील इतिहास श्रमाचा असतो, आणि श्रमाच्या खुणा किल्ल्याच्या तटाप्रमाणे दुरून दिसत नाहीत. त्या शोधाव्या लागतात. परंतु शोधणे हा तर मुलांचा स्वभावधर्मच होय. त्याचा उपयोग करून घेणे शिक्षकाच्या हाती आहे.

ह्या स्वभावधर्मावर उभारलेला ‘जिओकॅशिंग’ नावाचा एक खेळ आज अनेक देशांत खेळला जातो. अमेरिकेच्या उपग्रहांच्या साहाय्याने पृथ्वीवरील स्थळाचे अक्षांश-रेखांश काढता येत. परंतु सामान्य नागरिकांस मिळणाऱ्या संकेतांत लष्करी कारणास्तव मुद्दाम चूक ठेवलेली असे. मे २००० च्या आरंभी ती काढून टाकण्यात आली. लगेच ३ मे रोजी ऑरेगन राज्यात बीव्हरक्रीक गावाजवळ डेव्ह अल्मर ह्यांनी रानात एक बादली ठेवली व तिचे अक्षांश-रेखांश जाहीर केले. बादलीत काही किरकोळ वस्तू, एक वही आणि पेन्सिल होती. शोधणाऱ्याने एखादी वस्तू घ्यावी, एखादी ठेवावी आणि वहीत नोंद करावी, एवढाच नियम.

पुढे ह्या खेळास अनेक रूपे आली. त्यांपैकी शाळेस उपयोगी पडणारे रूप असे : ठेव्याचे ठिकाण एकदम सांगावयाचे नाही. पहिल्या ठिकाणी जाऊन तेथील शिलालेख वाचावा, त्यातील आकडे टिपावेत, त्यांवरून दुसरे ठिकाण काढावे, आणि असे करीत शेवटच्या डब्यापाशी पोहोचावे. ह्या रीतीने कोळशाच्या गावाचा इतिहास कसा उलगडता येईल, हे एका खऱ्या गावाच्या उदाहरणाने पाहणे इष्ट होईल.

इंग्लंडच्या यॉर्कशर प्रांतात बार्न्सलीजवळ सिल्कस्टोन नावाचे गाव आहे. एके काळी तेथील कोळसा नामांकित होता. १८०९ साली कोळसा कालव्यापर्यंत नेण्यासाठी तेथे घोड्यांनी ओढावयाच्या गाड्यांचा रूळमार्ग बांधण्यात आला. रूळ ज्यांवर बसविले होते ते भोकांचे दगड आजही वाटेवर दिसतात. गावच्या चर्चच्या आवारात १८४१ साली उभारलेला एक स्तंभ आहे, आणि जवळच्या नॅब्ज वुड नावाच्या रानात १९८८ साली उभारलेले दुसरे स्मारक आहे. दोन्ही स्मारके एकाच दिवसाची आहेत. तो दिवस ४ जुलै १८३८.

त्या दिवशी दुपारी मोठे वादळ झाले. पावसाने वाफेच्या इंजिनाचे काम बंद पडले आणि खाणीतील माणसांस वर काढण्याचा मार्ग खुंटला. खाली मुलेही होती. काही हवा खेळविण्याची दारे उघडझाप करीत, काही कोळशाच्या गाड्या ओढीत आणि ढकलीत. त्यांपैकी बऱ्याच मुलांनी रानात उघडणाऱ्या एका तिरकस बोगद्याने बाहेर पडण्याचे ठरविले. इतक्यात रानातील ओढा फुगून त्याचे पाणी बोगद्यात शिरले. लोंढ्याने मुले मागे लोटली गेली आणि वाटेतील दारापाशी अडकून सव्वीस जणांचा बुडून अंत झाला. त्यांत अकरा मुली व पंधरा मुलगे होते. सर्वांत लहान मुले सात-आठ वर्षांची होती.

आता शोध कसा रचावा? पहिले ठिकाण चर्चमधील स्तंभाचे. त्यावर मृतांची नावे व वये कोरलेली आहेत. मुलींची संख्या किती, मुलग्यांची किती, हे मुलांनी मोजावे; त्या आकड्यांवरून पुढील ठिकाणाच्या अक्षांश-रेखांशातील गाळलेले अंक भरावेत. दुसरे ठिकाण रूळमार्गाच्या दगडांचे. तेथे दोन दगडांतील अंतर पावलांनी मोजावे. तिसरे रानातील स्मारकाचे. तेथून थोड्या अंतरावर डबा.

ह्यात गणित आणि भूगोल आपोआप येतात. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५० मीटर; त्याचा हजारावा भाग म्हणजे जेमतेम दोन मीटर. रेखांशाचे एक मिनिट मात्र सिल्कस्टोनपाशी सुमारे १,१०० मीटर भरते, तर चंद्रपूरपाशी सुमारे १,७४० मीटर. असे का व्हावे, हे मुलांस पृथ्वीचा गोल हाती देऊन विचारावे.

परंतु ह्या शोधाचा खरा लाभ निराळाच आहे. स्तंभावरील लेख त्या घटनेस ईश्वरी कोप म्हणतो. मेघगर्जना, वीज, गारा आणि पाऊस ह्यांचा त्यात उल्लेख आहे. इतकी लहान मुले जमिनीखाली का होती, हा प्रश्न मात्र तो लेख विचारीत नाही. वये मोजणारे मूल तो विचारल्यावाचून राहत नाही. दगड जे सांगतो ते टिपणे ही इतिहासाची पहिली पायरी होय. दगड जे सांगत नाही ते विचारणे ही दुसरी. त्या काळीही हा प्रश्न विचारला गेला. १८४० साली चौकशी आयोग नेमला गेला, त्याने खाणीतील मुलांच्या साक्षी घेतल्या, आणि १८४२ च्या कायद्याने सर्व स्त्रिया व दहा वर्षांखालील मुलगे ह्यांस खाणीत जमिनीखाली कामास लावण्याची बंदी झाली. दहा वर्षांपर्यंतच्या मुलांस शाळेची सक्ती होण्यास मात्र १८८० साल उजाडले.

हा सारा विचार चंद्रपूर जिल्ह्यातील शाळांस परका नाही. वर्धा नदीच्या खोऱ्यातील कोळसा सुमारे पंचवीस ते तीस कोटी वर्षांपूर्वीच्या वनस्पतींपासून बनलेला आहे, आणि ज्या खडकांत तो सापडतो त्यांस जगभर गोंडवनाचेच नाव आहे. वरोऱ्यास एकोणिसाव्या शतकात सरकारी कोळसा-खाण होती. तिच्यासाठी वर्ध्याहून लोहमार्ग आणला गेला, आणि १९०६ साली ती बंद झाली. बल्लारपूर, घुग्घुस, माजरी ही नावे तर मुलांच्या नित्य ओळखीची. १९७३ साली कोळसा-खाणींचे राष्ट्रीयीकरण झाले, त्या वेळचे कामगार काही घरांतून आजोबा म्हणून आढळतील. असा एखादा वृद्ध कामगार हेच शोधाचे एक ठिकाण करावे. त्यांस मुलांनी तीन प्रश्न विचारावेत, आणि उत्तरांतील एखादा आकडा पुढील वाटेची किल्ली ठरावा.

साहित्य थोडके लागते. पत्र्याचा एक डबा, वही, पेन्सिल आणि शिक्षकापाशी असलेला एक मोबाइल फोन पुरे. तो नसल्यास होकायंत्र आणि मोजलेली पावले ह्यांवरही काम भागते. मात्र काही पथ्ये कटाक्षाने पाळावीत. बंद खाणी, खचलेली जमीन, पाणी साठलेले खड्डे व मातीचे ढिगारे ह्यांच्या जवळपास एकही ठिकाण नेमू नये. चालू खाणीच्या हद्दीत जाऊ नये. डबा जमिनीत पुरू नये, समाधीवर वा देवस्थानात लपवू नये, आणि जागामालकाची परवानगी आधी घ्यावी. सर्व वाट शिक्षकाने आदल्या दिवशी स्वतः चालून पाहावी.

डब्यात खाऊ ठेवण्यास हरकत नाही, पण वहीच्या पहिल्या पानावर एक प्रश्न लिहून ठेवावा : “तुझ्या वयाचे मूल त्या काळी खाणीवर असते, तर त्याचा दिवस कसा गेला असता?” उत्तरे मुलांनी तेथेच बसून लिहावीत. आपल्या देशात १९५२ च्या खाण कायद्यात १९८३ साली दुरुस्ती होऊन, शिकाऊ उमेदवारांचा अपवाद सोडता, अठरा वर्षांखालील व्यक्तीस खाणीत काम देण्यास मनाई झाली, हे शिक्षकाने त्यानंतर सांगावे. आधी सांगू नये. प्रश्न मनात उभा राहिल्यावर कायद्याचे कलमही मुलांस कोरडे वाटत नाही.

वही भरली की ती शाळेच्या कपाटात जपून ठेवावी. पुढील वर्षीच्या वर्गास ती वाचावयास द्यावी, आणि डब्यात नवी वही ठेवावी.