साठ घरांचा आकडा
(कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गातील भाषणाचा मजकूर)



मागे एका वाटाघाटीत मी जिल्ह्यातली विषमता वाढल्याचा आकडा ठणकावून सांगितला. समोरच्या अधिकाऱ्यांनी शांतपणे विचारले, "किती घरे पाहिली होती?" घरे होती साठ. मी गप्प बसलो. आज त्या साठ घरांबद्दलच बोलायचे आहे.

विषमता मोजायला जिनी गुणांक वापरतात. सर्वांचे उत्पन्न सारखे असेल तर तो शून्य. सगळे एकाच्याच खिशात गेले तर जवळजवळ एक. आपल्याकडे उत्पन्न कोणी सरळ सांगत नाही, म्हणून राष्ट्रीय नमुना पाहणी घरखर्च विचारते. २०२३-२४ मध्ये २,६१,९५३ कुटुंबे पाहिली गेली. वर्षभरात ग्रामीण जिनी ०.२६६ वरून ०.२३७ वर आणि शहरी ०.३१४ वरून ०.२८४ वर आला, असे सरकारने जाहीर केले.

शितावरून भाताची परीक्षा होते, कारण सगळी शिते सारखी शिजतात. विषमता म्हणजे तर काही शिते कच्ची, काही गळून गेलेली! दुसरी मूठ उचलली की आकडा थोडा बदलणारच. साठ घरांत एखादा बंगलेवाला आला तर जिनी उसळतो, नाही आला तर खाली बसतो.

किती बदलेल? प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी आपल्याच देशात यावर तोड काढली. एकाच पद्धतीने दोन स्वतंत्र नमुने घ्यायचे. समजा, एकाचा जिनी ०.३० आला, दुसऱ्याचा ०.३२. सरासरी ०.३१ आणि फरकाच्या निम्मी, म्हणजे ०.०१, ही अंदाजे प्रमाण त्रुटी. कागद-पेन्सिलीवर होते, मात्र दोनच नमुन्यांवरचा हा अंदाज स्वतःही डळमळीत असतो.

१९७९ साली ब्रॅडली एफ्रन यांनी मांडलेली रीत संगणकाची आहे. पाहणीतल्या गावांच्या चिठ्ठ्या करा. एक काढा, नोंदवा, परत टाका; गावे जितकी तितक्या वेळा. आलेल्या गावांवरून जिनी काढा. असे हजारदा करून उत्तरे क्रमाने लावा, खालची २५ आणि वरची २५ सोडा. उरला तो ९५ टक्क्यांचा पल्ला. चिठ्ठ्या गावांच्याच हव्यात, घरांच्या नकोत. रेल्वे कॉलनीतल्या एकाच टाइपच्या दहा क्वार्टरांत विचारले तर माहिती दहा घरांची मिळत नाही, फार तर दोन-तीन घरांची मिळते.

देशपातळीवर लाखो घरांमुळे हा पल्ला अरुंद असतो. जिल्ह्यावर उतरलो की तो पसरतो. आणि बंगल्याच्या फाटकावरून प्रगणक परत फिरला, तर ती चूक या पल्ल्यात येतच नाही. २०२२-२३ पासून प्रश्नावली तीन भेटींत विभागली, त्याने २०११-१२ शी तुलनेत पडणारा फरकही येत नाही.

माझ्या साठ घरांचे गणित मी नंतर केले. ती सहा वस्त्यांतली होती. पल्ला एवढा रुंद निघाला की त्यात वाढही मावत होती आणि घटही.