चार बटणं दाबली, महापौर मात्र दुसऱ्यांनी निवडला

आजचा विषय माझ्या मावशीमुळे सुचला. मावशी भगूरला, मी नाशकात. अंतर जेमतेम अर्ध्या-पाऊण तासाचं. पण भगूर नगरपरिषदेत ती नगरसेवकासोबत नगराध्यक्षालाही थेट मत देते. आणि मी? 2017 ला महापालिकेसाठी पहिल्यांदा मतदान केलं. चार जागांचा प्रभाग, म्हणून चार बटणं दाबली. मावशी म्हणाली, "एवढी मतं देऊनही तुमचा महापौर दुसरेच ठरवतात होय रे?" मी गप्प.

तर भानगड अशी. महापालिकेत महापौर नगरसेवक निवडतात, तोही अडीच वर्षांसाठी. त्या निवडणुकीत नाशिकचे नगरसेवक होते 122, भाजपचे 66. म्हणजे कौल स्पष्टच. पण बहुमत काठावर असलं की सुरू होते ती 'सहल'. फुटू नयेत म्हणून नगरसेवकांना रिसॉर्टवर नेऊन ठेवतात. आपण निवडलेला माणूस, आणि त्याच्यावर पहारा!

नगराध्यक्षाचं तरी स्थिर आहे का? 2016 ला थेट निवड आली, 2020 ला बंद झाली, 2022 ला परत आली. सरकार बदललं की नियम बदलतो. प्रत्येक जण आपल्या सोयीचं गणित मांडतो, दुसरं काय!

अमेरिकेतही हाच वाद आहे. तिथे राज्यांचे प्रतिनिधी राष्ट्राध्यक्ष निवडतात. 2016 मध्ये हिलरी क्लिंटन यांना ट्रम्प यांच्यापेक्षा जवळपास 29 लाख मतं जास्त पडली, तरी त्या हरल्या.

मग थेट निवड आणली की झालं? थांबा. नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि सभागृहात बहुमत दुसऱ्याचं, असं झालं की प्रत्येक ठरावावर ओढाताण. आणि आपल्या महापौराकडे अधिकार आहेत तरी किती? कारभार आयुक्तांच्या हातात, आणि आयुक्त नेमतं राज्य सरकार. शेजारच्या मध्य प्रदेशात, इंदूरला, लोक महापौर थेट निवडतात. आपणही तसं केलं, पण अधिकार दिलेच नाहीत, तर तो मुंडावळ्या बांधून नुसता बसवलेला नवरदेव. वरात मोठी, घरात शब्दाला किंमत नाही.

माझं मत सांगतो. महापौर थेट निवडावा, पूर्ण पाच वर्षांसाठी. पण सोबत खरे अधिकार द्यावेत, आणि काम नाही केलं तर त्याला घरी पाठवायचा हक्कही मतदारांनाच हवा. नाहीतर वाचेल तो फक्त सहलीचा खर्च.

तुम्हाला पटत नसेल तर बिनधास्त लिहा, पुढच्या भागात वाचून दाखवेन. आणि पुढच्या वेळी उमेदवार दारात आला की एवढंच विचारा, "भाऊ, महापौरासाठी हात कुणाला वर करणार?" उत्तर देताना तो अडखळला, तर मावशीचा प्रश्न बरोबर होता म्हणायचं.