डोंगरापलीकडचा जिल्हा



आपण शिराळ्याची माणसे. आपण डोंगर जाणतो, भात जाणतो. समुद्र मात्र आपल्यातल्या पुष्कळांनी पाहिलेला नाही. तरी तो फार लांब नाही. कोल्हापूरवरून गगनबावडा गाठावा. करूळचा घाट उतरला, की सिंधुदुर्ग जिल्हा लागतो.

हा जिल्हा १९८१ साली रत्नागिरीतून वेगळा झाला. त्याचा किनारा सुमारे १२१ किलोमीटर लांब आहे. शिवाजी महाराजांनी १६६४ साली मालवणजवळच्या बेटावर किल्ला बांधायला घेतला. त्याचेच नाव जिल्ह्याला दिले आहे. हा किल्ला आणि तारकर्लीची वाळू पाहायला लांबलांबचे लोक येतात. त्यामुळे घरगुती खाणावळी चालतात, होडीवाल्यांना काम मिळते. देवगडला हापूस होतो, वेंगुर्ल्याला काजू. पण आंब्याचा हंगाम थोड्या दिवसांचा. किनाऱ्यावरच्या पुष्कळ घरांची चूल मासळीवरच पेटते.

मासे धरायची तिथली जुनी रीत म्हणजे रापण. होडीतून लांबलचक जाळे समुद्रात अर्धगोल सोडतात. मग त्याची दोन्ही टोके काठावरची माणसे ओढतात. एकट्यादुकट्याचे हे काम नव्हे. त्याला सगळी वाडी लागते. मासळी विकून आलेल्या पैशाचे वाटे पडतात. ओढणाऱ्याला वाटा, जाळ्याला वाटा, होडीलाही वाटा. आपल्याकडे सावड असते ना, तसेच हे.

पुढे यंत्राच्या मोठ्या बोटी आल्या, पर्ससीन नावाचे जाळे आले. हे जाळे माशांच्या सगळ्या थव्याला वेढा घालते. मग बटव्याची दोरी ओढावी, तसा त्याचा तळ आवळतात. लहानमोठा सगळा मासा एका खेपेत वर येतो. रापणवाले म्हणाले, "मासा काठापर्यंत येईलच कसा?" त्यावरून भांडणे झाली. २०१६ साली राज्य सरकारने या जाळ्यांवर निर्बंध घातले. तरी तंटा पुरता मिटलेला नाही.

आणखी एक नियम आहे. १ जून ते ३१ जुलै यंत्राच्या बोटींना मासेमारी बंद असते. तेव्हा समुद्र खवळलेला असतो. शिवाय पुष्कळ मासे त्याच दिवसांत अंडी घालतात. दोन महिने बोटींची कमाई थांबते, पण पुढच्या सालची मासळी त्यातूनच होते. बियाणे दळून खाल्ले, तर पेरणार काय?

आम्ही हे का सांगतो? समुद्र कोणा एकाच्या मालकीचा नाही. आपल्या जमिनीखालचे पाणीही तसेच आहे. एकाने खोल बोअर मारली, की शेजारच्या विहिरीचे पाणी खाली जाते. गायरानाचेही तेच. जे सगळ्यांचे आहे, ते कोणी किती घ्यायचे आणि केव्हा थांबायचे, हे सगळ्यांनी बसून ठरवावे लागते. ते कागदावर लिहून ठेवावे. आता आपल्याला लिहिता येते, वाचताही येते. पुढच्या ग्रामसभेला हा विषय मांडा.