दवाखान्याचे बिल क्विंटलात मोजा
(भोंगवली, ता. भोर येथील सभेतील भाषण)



शेतकी कॉलेजात आम्ही पिकाच्या खर्चाचा हिशेब मांडायला शिकलो. बी, खत, औषध, मजुरी. औषध म्हणजे किडीचे. बैलाची वैरणसुद्धा खर्चात धरतात. पण ते पीक खुरपणारी बाई आजारी पडली तर तिच्या औषधाला त्या हिशेबात रकाना नाही. आज त्याच रकान्याबद्दल बोलायचे आहे.

सरकारी आकडे म्हणतात, चिंता नको. देशाचा आरोग्यावरचा एकूण खर्च २०१३-१४ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ४ टक्के होता, २०२१-२२ साली ३.८ टक्के. त्यातला लोकांच्या खिशातून जाणारा वाटा रुपयात ६४ पैशांवरून ३९ पैशांवर आला. आकडे खोटे नाहीत. पण राष्ट्रीय उत्पन्न वाढते ते बँका, बांधकामे, कॉम्प्युटरच्या कंपन्या यांच्या जोरावर. तेवढ्या मोठ्या आकड्याने भागले की दवाखाना लहानच दिसणार. आपण बिल भरतो ते ज्वारीच्या आणि कापसाच्या पैशातून. तेव्हा भागायचे तर त्यानेच भागू.

सरकारच्याच नमुना पाहणीत १९९५-९६ साली खेड्यातल्या माणसाला खाजगी दवाखान्यात एकदा दाखल होण्याचा खर्च सरासरी ४,३०० रुपये होता. त्या साली ज्वारीचा हमीभाव ३०० रुपये, लांब धाग्याच्या कापसाचा १,३५०. म्हणजे १४ क्विंटल ज्वारी, नाहीतर सव्वातीन क्विंटल कापूस. २०१७-१८ साली तोच खर्च २७,३४७ रुपये झाला. ज्वारी १,७०० आणि कापूस ४,३२० रुपये. त्या साली १६ क्विंटल ज्वारी लागली. कापूस सव्वासहा क्विंटलाच्या वर, म्हणजे जवळजवळ दुप्पट! वऱ्हाडातला कोरडवाहू भाऊ एकरी चार क्विंटल काढत असेल, तर दीड एकराचे सगळे पीक एका आजारपणात गेले. त्यातून हा भाव कागदावरचा. व्यापाऱ्याने कमी दिला की क्विंटल आणखी वाढले.

त्याच २०१७-१८ साली सरकारी दवाखान्यात खेड्यातल्या माणसाचे ४,२९० रुपये, अडीच क्विंटल ज्वारी, गेले. मग लोक खाजगीत काय हौसेने जातात? यंत्र असते तिथे ते चालवणारा नसतो, रात्री डॉक्टर नसतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या आरोग्य खात्याच्या दवाखान्यांत उपचार मोफत झाले, चांगलेच झाले. महात्मा फुले योजनेतून ऑपरेशनेही होतात, कागद पुरे असले तर. पण साखरेच्या, रक्तदाबाच्या गोळ्या दर महिन्याला मेडिकलमधून आणाव्या लागतात, त्याला कोणती योजना?

पुढच्या जिल्हा बैठकीला प्रत्येक गावाने एक कागद आणावा. वर्षभरात घरोघरी दवाखान्याला किती पैसे गेले, आणि बिल भरले त्या दिवशी बाजारात ज्वारी-कापसाला काय भाव होता. नावे नकोत. रुपयांचे क्विंटल आम्ही करून देऊ. कृषिमूल्य आयोगापुढे तेच कागद ठेवायचे आहेत.